मोझा

बुधवारी रात्री साडेदहाला आणलं त्याला,
मोडक्या होडीच्या फळीवर, चौघांच्या खांद्यांवरून.
कुमझारला रस्ता येत नाही.
एका बाजूने डोंगर येतो, दुसऱ्या बाजूने समुद्र,
मध्ये आमचं आरोग्य केंद्र :
खाटा चार, सिलिंडर दोन, डॉक्टर तिजानी, मी,
आणि सलाईनचा पंप, जूनपासून मुका.

जाळं सोडवताना शिंगाळ्याचा काटा
उजव्या तळव्यात गेला होता, पाच दिवसांपूर्वी.
एवढंच.
वेंगुर्ल्याला आई ओरडायची,
शिंगाळ्याक हात लावू नको गो!
काट्याचा नायटा, म्हणतात आमच्याकडे.
पण नायट्याला निदान कड असते.
हे कोपरापर्यंत लाल दिसत होतं
आणि कोपराच्या पुढे, न दिसता, सगळीकडे होतं.

ताप एकशे तीन. श्वास मिनिटाला चौतीस.
रक्तदाब ऐंशी, मग सत्तर,
मग कानात नुसती माझीच धडधड.
तो कुणाशी तरी सुरमईच्या भावावरून भांडत होता.
तो कुणी खोलीत नव्हता.

रक्त तपासायला प्रयोगशाळा नाही.
म्हणून मी त्याच्या डाव्या हाताचं मधलं नख दाबलं,
पांढरं होईतो.
सोडलं.
एक, दोन, तीन, चार, पाच, सहा –
सहाव्याला रंग परतला,
उधार मागायला आलेला माणूस
उंबऱ्यावर घुटमळतो तसा.

सेफ्ट्रायाक्झोन दोन ग्रॅम, लगेच.
दर्यातली जखम म्हणून डॉक्सीसायक्लिन.
(तासाच्या आत, मिरजेला घोकून घेतलं होतं.
तिथे प्रत्येक भिंतीवर घड्याळ होतं.)
सलाईन थोडं, थांबून, छाती ऐकून, पुन्हा थोडं.
पाणी जास्त झालं तर फुप्फुसं बुडतील
आणि बुडत्याला वर काढणारं यंत्र
खसबला आहे.
खसब फोनवर म्हणालं : शमाल सुटलाय,
बोट निघणार नाही. सकाळी बघू.

सकाळी.

दोन वाजता डॉक्टरांनी ॲड्रिनलिनच्या कुप्या फोडल्या,
बाटलीत मिसळल्या, आणि पंपाकडे बघितलं.
पंपाने आमच्याकडे बघितलं नाही.
थेंब मोजायला हवेत. मिनिटाला तेहेतीस.
मला दुसऱ्या खाटेवरची बाळंतीण होती,
त्यांना जखम उघडून पू काढायचा होता.

कोपऱ्यात त्याची बायको, हातात जपमाळ.
नाव विचारलं. मोझा, म्हणाली.
माझ्या भाषेत ही आज्ञा आहे, बाई.

तिला अरबी माझ्याइतकंच मोडकं,
माझी मराठी ती कुठून समजणार?
मी तिला खुर्चीवर बसवलं, नळीतला थेंब दाखवला,
माळेचा एक मणी सरकवला.
थेंब, मणी.
तेहेतीस मणी, आणि घड्याळाचा काटा एक फेरा.
माळ आधी संपली तर चाक आवळ.
काटा आधी पोचला तर सैल कर.
तिने माझ्या मनगटावरचं घड्याळ काढून घेतलं,
विचारलंही नाही.

ती ओठ हलवत होती.
देवाचं नाव घेत होती की आकडा, मला माहीत नाही.
पहाटेपर्यंत तिने पाणी प्यायलं नाही,
डोळा मिटला तर थेंब चुकेल म्हणून
पापणीसुद्धा काटकसरीने लववली.

साडेचारला नख : पाच.
साडेपाचला : चार, कदाचित साडेतीन,
मी माझ्याच बाजूने मोजत असेन.
पिशवीत लघवी आली, चहाच्या अर्ध्या कपाएवढी.
डॉक्टर तिजानी, जे कधी काही बोलत नाहीत,
ती पिशवी उजेडाकडे धरून म्हणाले, अल्हमदुलिल्लाह.

त्याचं नाव खमीस. खमीस म्हणजे गुरुवार.
गुरुवार उजाडला तेव्हा वारा थोडा पडला होता.
बोटीत बाटली धरून मोझा उभी,
दुसऱ्या हातात माळ, मनगटात माझं घड्याळ.
लाटांवर थेंब कसे मोजतात, ते मी शिकवलं नव्हतं.

नवव्या दिवशी खसबहून फोन आला.
जिवंत आहे. बोलतोय. दोन बोटं काढावी लागली.
कुठली? मी विचारलं.
कुठल्या हाताची?
पलीकडच्या माणसाला माहीत नव्हतं,
विचारून सांगतो म्हणाला,
आणि लाईनवर वारा.